मिठीला न लागणारं पिस्तूल

टेबलावर दोन पिस्तुलं ठेवली होती आणि कॅप्टन फहाद मला म्हणत होते, "मिस्टर भोईटे, लेक्चर नको. बोट दाखवा. हे की ते?"

मी बोट दाखवलं नाही. फौजेत आयुष्य गेलं ते जवानांना हत्यार शिकवण्यात. निवृत्त झालो, फलटणला घर बांधलं, आणि घरी बसवेना म्हणून कतारमध्ये, दोह्यात एका प्रायव्हेट ट्रेनिंग कंपनीत लागलो. काम तेच, फक्त ऊन जास्त. बोट दाखवायच्या आधी चार प्रश्न विचारायची माझी खोड आहे. या खोडीने माझं भलं फारसं झालेलं नाही, पण ती जातही नाही.

"घालणार कोण, घालून जाणार कुठे, आणि काढायची वेळ आली तर समोर काय असेल?" मी विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मी ते मराठीत सांगतोय.

"घालणार लेडीज टीम. जाणार लग्नांना. काढायची वेळ इन्शाल्ला येणार नाही."

हे थोडं उलगडून सांगतो. इथल्या लग्नात बायकांचा हॉल वेगळा असतो, आणि त्यात पुरुषाला प्रवेश नाही. मोठ्या घरच्या पाहुण्या बाईचा बॉडीगार्ड कितीही तगडा असला तरी दाराशी येऊन थांबतो. आत शेकडो बायका आणि बंदोबस्त शून्य. म्हणून कॅप्टनच्या सुरक्षा खात्याने पाच बायकांची टीम उभी केली होती. त्यांनी पाहुणी म्हणून आत वावरायचं, कुणाला कळू न देता. युनिफॉर्म घालून लग्नात उभं राहिलं तर यजमानांचा अपमान होतो. पिस्तूल पाचहीजणींना एकाच प्रकारचं द्यायचं होतं, कारण गोळ्यांचं मॅगझिन, पिस्तूल अडकवायचं होल्स्टर, सराव सगळं एकसारखं लागतं. ते कोणतं, हे सुचवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं, म्हणजे माझ्याकडे.

टेबलावरचं एक होतं फुल-साइज. नळी लांब, मूठ पूर्ण, वजन चांगलं. पोलिसांच्या कमरेला उघडं दिसतं तसलं. दुसरं कॉम्पॅक्ट. गोळी तीच, पण नळी आखूड, मूठ आखूड, वजनाला हलकं.

"लेडीज आहेत. हात लहान, पिस्तूल लहान," कॅप्टन म्हणाले. "सिंपल."

"सर, दिसतं सिंपल, पण आहे उलटं."

हा गैरसमज मी जन्मभर खोडत आलोय. लहान पिस्तूल चालवायला सोपं नसतं, अवघड असतं. गोळी सुटली की हाताला झटका बसतो. पिस्तूल जड असेल तर बराचसा झटका तेच पिऊन टाकतं. हलकं असेल तर सगळा झटका मनगटाला. हलकी कढई शेगडीवर नाचते आणि जड कढई बसून राहते, तसंच. शिवाय आखूड मुठीवर चार बोटं मावत नाहीत. करंगळी हवेत राहते, आणि पकड ढिली पडायला तेवढं पुरतं.

पण लपवायचं म्हटलं की पारडं फिरतं. लोकांना वाटतं लांब नळी दिसते. नळी कुठे दिसते? ती खाली कपड्यात जाते. दिसते ती मूठ. कपड्याला टेंगूळ येतं ते मुठीचं. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण आमच्या धंद्यात शब्दशः खरी आहे.

"आधी फायरिंग रेंजवर बघू," मी म्हणालो.

पाचजणींमधली एक मरियम. तिशीतली, किरकोळ बांध्याची, कमी बोलणारी. टीममध्ये यायच्या आधी ती याच लग्नांच्या दारात काम करायची. आत फोन न्यायला बंदी असते, कुणी फोटो काढू नये म्हणून. तर पर्स तपासायच्या, फोन जमा करून घ्यायचे, जाताना परत द्यायचे. पाहुण्या तिच्याकडे न बघताच पर्स पुढे करायच्या. आतलं गाणं ऐकत ती वर्षानुवर्षं दाराबाहेर उभी राहिली होती. ही टीम निघाल्यावर वडिलांशी वाद घालून ती परीक्षेला बसली आणि निवडली गेली. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं होतं, "सर, मी पुन्हा दारात बसणार नाही." मला ते आवडलं होतं. शिकणाऱ्याला कुठून पळायचंय हे पक्कं ठाऊक असलं की तो बरा शिकतो.

टेस्टमध्ये ठरावीक अंतरावरून, ठरावीक वेळात, टार्गेटच्या मधल्या चौकटीत गोळ्या बसवायच्या असतात. फुल-साइजने मरियमने ती आरामात काढली. टीममध्ये दुसरी आली. कॉम्पॅक्टने बाकीच्या चौघी कशाबशा पास झाल्या आणि मरियम नापास झाली. थोडीथोडकी नाही, चांगली आपटली. गोळ्या टार्गेटभर पसरल्या होत्या. नियम असा की जे पिस्तूल ठरेल त्याने नापास होईल तिला टीममध्ये जागा नाही.

मी तिच्या मागे उभा राहून सांगत होतो, "मनगट आवळा, पकड वर घ्या." याहून जास्त काही करता येत नव्हतं. फौजेत जवानाची पकड चुकली की मी त्याच्या मुठीवर माझी मूठ ठेवायचो, कुठलं बोट झोपलंय ते हाताला लगेच कळायचं. इथे परक्या बाईच्या हाताला हात लावायचा नाही. आपणच दुरून करून दाखवायचं आणि तिने बघून करायचं. दुरून दाखवून पोहायला शिकवण्यातला हा प्रकार.

त्या आठवड्यात मी शिफारस ईमेल केली. फुल-साइज घ्यावं. कारणं दोन. पाचहीजणी त्याने नीट मारतात. आणि लपवायचा प्रश्नच नाही, कारण वरून अबाया असतो. अबाया म्हणजे इथल्या बायका बाहेर जाताना घालतात तो पायघोळ काळा झगा. त्यात पिस्तूलच काय, पोळपाटसुद्धा लपेल. माझे बॉस मेजर रामी, जॉर्डनच्या सैन्यातून आलेले, त्यांना पटलं. कॅप्टनना पटलं. "खलास," ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मागणी टाकतो."

शुक्रवारी दुपारी बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसलो होतो. बायको सुनंदा अल दुहैलमधल्या एका नर्सरीत शिकवते. थालीपीठ ताटात टाकता टाकता ती नर्सरीतल्या एका पोराच्या मावशीच्या लग्नाचं वर्णन करत होती. सगळ्या टीचरना बोलावणं होतं, ती आदल्याच दिवशी जाऊन आली होती.

मी सहज विचारलं, "एवढ्या काळ्या अबायांत कोण कोण ते ओळखू कसं येतं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अचाट बोललोय. "अबाया? आत कुठला आलाय अबाया? दारातनं आत गेलं की काढून देत्यात की. आत निस्ती झगमग. कुणाची पाठ उघडी, कुणाचे दंड उघडे. बाप्येच नाहीत तर झाकायचं कुणापासनं?"

"सगळ्या काढतात?"

"एखादी म्हातारी नाही काढत. नाहीतर कुणाच्या तरी पोराला घेऊन आलेली आया. तरण्याताठ्या बाईनं तिथं अबाया घालून बसायचं म्हणजे मांडवात रेनकोट घालून बसल्यागत हो."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"काय झालं? तिखट लागलं का?"

"नाही," मी म्हणालो. "मग एकमेकींना भेटतात कशा? लांबून?"

"लांबून कुठलं! येणारी जाणारी प्रत्येक बाई गळ्यात पडती. एका लग्नात पन्नास जणी भेटल्या मला. मी कुणाच्याच ओळखीची नव्हते."

म्हणजे आम्ही तीन पुरुषांनी मिळून बायकांच्या लग्नात घालायचं पिस्तूल, बायका जे कपडे दारातच काढून ठेवतात त्यांच्या भरवशावर निवडलं होतं. तिघांपैकी एकही त्या दाराच्या आत कधी गेलेला नव्हता आणि कधी जाणारही नव्हता. मला स्वतःचाच राग आला. घालणार कोण आणि जाणार कुठे हे मीच विचारलं होतं. उत्तर मिळालं, आणि मी ते नीट ऐकलंच नाही.

रविवारी मेजर रामींना गाठलं.

"रिपोर्ट गेला," ते म्हणाले.

"परत मागवू."

"मिस्टर भोईटे, क्लायंट खूश आहे. लेडीज खूश आहेत. गार्डने आतही अबाया अंगावर ठेवावा असा नियम करतील ते. तुम्हाला काय त्रास आहे?"

"आत अबाया ठेवला की ती गार्ड आहे हे वाढप्यालाही कळेल, सर."

"आत वाढपी नसतात. वाढपिणी असतात."

"तिलाही कळेल."

मेजर हसले, मग गंभीर झाले. "आधी टीमला विचारून घ्या. तुमची बायको एका लग्नाला गेली होती. या मुली जन्मापासून जातायत. खरंच अडचण असती तर त्या बोलल्या नसत्या का?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी मनात तयार ठेवलं होतं. परक्या पुरुषापुढे अबायाच्या आतल्या कपड्यांविषयी कोण बोलेल? संकोच असणार. इथे इतकी वर्षं काढल्यावर आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, त्यातलाच हा प्रकार.

रेंजवर सराव संपल्यावर मरियम पिस्तूल परत करायला आली. मी शक्य तेवढ्या अदबीने विचारलं. हॉलमध्ये अबाया ठेवणार की काढणार?

तिने मॅगझिन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"संकोच वाटत असेल तर नका सांगू," मी म्हणालो. "मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो."

"संकोच नाही, सर," ती म्हणाली. "अबाया काढावाच लागतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण मी बोलले असते तर तुम्ही लहान पिस्तूल घेतलं असतं. आणि लहान पिस्तुलाने मी नापास आहे."

मी इकडे तिच्या लाजेबद्दल हळवा होत होतो आणि बाईने सरळ हिशोब केला होता. खरं सांगतो, राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तोंड शिवूनच बसलो असतो.

"बाकीच्या चौघी?"

"त्या माझ्यासाठी गप्प राहिल्या." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "सर, तुम्ही कॅप्टनला सांगणार का?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. न सांगणं सोपं होतं. रिपोर्ट गेला होता, सगळे खूश होते, मुलीची जागा पक्की होती. माझं काम हत्यार सुचवायचं. आतल्या लग्नांचं काय ते आत जाणारे बघून घेतील. पण डोळ्यांपुढे वेगळंच येत होतं. भरलेला हॉल, कुणीतरी मावशी मरियमला मिठी मारते, हाताला टणक काहीतरी लागतं आणि मावशी किंचाळते. शेकडो बायका, पोरंबाळं, आणि बाहेर पडायला दारं किती तर दोन. चेंगराचेंगरीला गोळी सुटावी लागत नाही.

मी तिला तसंच सांगितलं. "आणि त्या दिवशी सगळ्यात वाईट अवस्था तुमची होईल. दारातसुद्धा मग कुणी उभं करणार नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मलाही रात्री झोप लागत नाहीये, सर."

तिचे डोळे भरले होते, आणि मला दुसरीकडे बघण्याखेरीज काही करता येत नव्हतं. "मी सांगणार," मी म्हणालो. "पण आम्हा पुरुषांना ठाऊक नव्हतं एवढंच सांगणार. तेही खरंच आहे."

कॅप्टन फहादनी शांतपणे ऐकून घेतलं. इथल्या माणसाला बायका आत अबाया काढतात हे ठाऊक नसेल असं थोडंच आहे? त्यांनी गृहीत धरलं होतं की आपली माणसं ड्यूटीवर आहेत, तर ती ठेवतील. मी त्यांना मांडवातल्या रेनकोटचा दाखला दिला. ते खळखळून हसले आणि मग कपाळाला हात लावून म्हणाले, "माझी बायको दर आठवड्याला कुठल्यातरी लग्नाला जाते. मी तिला आणायला बाहेर गाडीत बसतो. एका शब्दाने विचारलं नाही."

"आता विचारू. पण चाचणी करून."

"कोण करणार? तुम्ही आत जाऊ शकत नाही. मीही नाही."

"माझी बायको करेल."

सुनंदाला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "माझा शनवार हाय तो. कपडे धुवायचे राह्यल्यात." पण तिच्या चेहऱ्यावरून तिला तिथे जायचंच होतं हे दिसत होतं.

शनिवारी सकाळी ट्रेनिंग सेंटरच्या लेडीज रूममध्ये ती आणि मरियम गेल्या आणि आतून कडी लागली. मरियमने लग्नात घालायचा गाऊन आणला होता, आणि त्यावर घालायचा पुढून उघडणारा, जरीकामाचा लांब अंगरखा. कमरेला रुंद कापडी पट्टा, त्यात होल्स्टर. पिस्तुलं खरी नव्हती. सरावासाठी निळ्या प्लास्टिकची नकली पिस्तुलं मिळतात, आकाराने हुबेहूब, आणि त्यातून गोळी सुटूच शकत नाही. ती दोन्ही आत दिली होती. सुनंदाला सांगितलं होतं, तिथल्या बायका भेटतात तसं हिला भेटायचं, बसवायचं, उठवायचं, आणि हाताला लागलं की सांगायचं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी आणि कॅप्टन फहाद, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहिल्यासारखे उभे. आतून सुनंदाचा आवाज आला, "मोठं लागलं!"

"काय म्हणतायत मॅडम?" कॅप्टननी विचारलं.

"फुल-साइज फेल, सर."

थोड्या वेळाने, "बारकंबी लागलं! कमरेच्या बाजूला ठेवलं की दोन्ही लागत्यात!"

"कॉम्पॅक्टही फेल."

कॅप्टनचा चेहरा पडला. मग बराच वेळ आतून निकाल आला नाही. दोघी हसत होत्या, हसता हसता काहीतरी ठरवत होत्या. एकीला अरबी आणि इंग्रजी, दुसरीला मराठी आणि नर्सरीपुरतं इंग्रजी, पण त्यांचं अडत नव्हतं. शेवटी सुनंदा बाहेर आली, पदर सावरत.

"अहो, ह्या बायका आपल्यासारख्या घट्ट नाहीत भेटत," ती मला म्हणाली. "तोंडाला एवढा मेकअप आणि अंगावर एवढी जर. एकमेकीची खराब हुईल म्हणून जपत्यात. गालाला गाल टेकल्यासारखं करायचं, हात दंडावर, पाठीवर, कमरेच्या बाजूला. पण पोटाला पोट लागतच नाही. तिथं हवा असती मधी."

मी कॅप्टनना इंग्रजीत सांगितलं. पुढे, पोटाशी ठेवायचं. आमच्याकडे ही पद्धत नवी नाही. घोडा पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर असेल तर सुरक्षितही आहे. पण मी कायम बाजूचीच जागा धरून चाललो होतो, कारण पुरुषांची मिठी छातीला छाती लावून होते.

"आणि पुढं मोठं चालत नाही," सुनंदा म्हणाली. "हुभी हाय तोवर ठीक. बसली की त्याचं खालचं टोक मांडीला टोचतं आणि वरचं दांडकं अंगरख्यातनं वर येतं. बारकं बसतंय झ्याक."

"कॉम्पॅक्ट," मी म्हणालो.

"कॉम्पॅक्ट," कॅप्टन म्हणाले. मग त्यांना आठवलं. त्यांनी आवाज खाली आणला. "पण मरियम तर कॉम्पॅक्टमध्ये..."

दार अर्धवट उघडं होतं. मरियम अबाया घालून आत उभी होती आणि ऐकत होती. अंगरख्याखाली लहान पिस्तूल बसतं हे तिनेच सुनंदाला दाखवून दिलं होतं. स्वतःच्या जागेवर पाणी सोडणारी गोष्ट तिने स्वतःच्या हाताने सिद्ध केली होती. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि वाईटही.

"टेस्ट थोडी सोपी करता येईल," कॅप्टन म्हणाले. "हॉलमधलं अंतर कमीच असतं."

मोह होणारी गोष्ट होती. पण हॉलमध्ये अंतर कमी असलं तरी मागे माणसं दाटीने असतात. चुकलेली गोळी कुठेतरी जातेच. "नको, सर," मी म्हणालो. "टेस्ट तीच राहू द्या. तिला थोडा वेळ द्या."

"पुढच्या महिन्यात लग्नांचा सीझन आहे. तोपर्यंत."

वेळ मिळाला, पण शिकवायचं काय? तीच वाक्यं पुन्हा सांगून काय होणार? मी विचार करत होतो आणि समोर सुनंदा मरियमचा हात हातात घेऊन तिच्या मेंदीचं कौतुक करत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या हाताला मी हात लावू शकत नव्हतो तो हात ती आरामात धरून बसली होती.

"सुनंदा, इकडे ये. हे निळं पिस्तूल धर."

मी बायकोला पकड शिकवली, तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवून, फौजेत शिकवायचो तशी. मग ती जाऊन मरियमच्या मुठीवर तिची मूठ ठेवायची आणि मला सांगायची कुठलं बोट काय करतंय. दुसऱ्याच खेपेला ती म्हणाली, "हिची करंगळी निस्ती लोंबकळतीय. आणि ती लोंबकळतीय म्हणून शेजारचं बोटबी ढिलं पडतंय."

तेच होतं ते. बघून कधीच कळलं नसतं, कारण दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते झाकलं जायचं. करंगळी मॅगझिनच्या बुडाखाली दुमडून घट्ट दाबायची, म्हणजे वरच्या बोटांना खालून टेकू मिळतो. एवढीशी गोष्ट. पण मोठ्या पिस्तुलाची सवय लागलेली करंगळी जागा शोधत हवेतच राहते.

त्यानंतर सुनंदाचे शनिवार गेले. घरी मला ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं. "तुम्हाला पगार, मला काय?" असं म्हणत ती वेळेआधी तयार होऊन बसायची. मरियम कामाच्या आधी रोज सकाळी येऊन रिकाम्या पिस्तुलाने सराव करायची. माशीवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या त्या उंचवट्यावर, नाणं ठेवायचं आणि नाणं न पडता घोडा दाबायचा. सुरुवातीला नाण्याचा खणखणाट ऑफिसपर्यंत यायचा. हळूहळू तो कमी झाला.

टेस्टच्या दिवशी कॅप्टन काचेमागे उभे होते. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाळलं. मरियमने शेवटची गोळी मारली, पिस्तूल खाली ठेवलं आणि टार्गेटकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी चष्मा लावून टार्गेट पाहिलं. दिमाखदार असं काही नव्हतं. दोन गोळ्या चौकटीच्या रेघेवर होत्या. रेघेला लागलेली गोळी आत धरतात, हा नियम जगभर आहे.

"पास," मी म्हणालो. मग चष्मा काढून पुसायला घेतला.

"माशाल्ला," काचेमागून कॅप्टन म्हणाले आणि लगेच फोनवर बोलायला निघून गेले. त्यांनाही डोळे पुसायचे असतील अशी मला शंका आहे, पण पुरावा नाही.

सीझन सुरू झाला. पहिल्या मोठ्या लग्नात मरियमची ड्यूटी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिस्तूल जमा करायला आली. मी मॅगझिन मोजून घेतलं. एकही गोळी वापरलेली नव्हती, आमच्या कामात यापेक्षा चांगला निकाल नसतो.

"कसं झालं?" मी विचारलं. "कुणाला लागलं?"

ती हसायला लागली. मी तिला तशी हसताना आधी पाहिलं नव्हतं.

"सर, एक आजी आल्या. नातवासाठी मुलगी बघत होत्या. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, पाठ चाचपली, कमरेला दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं. पोटाकडे मात्र हात आलाच नाही. मग त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, पण हाताला नुसती हाडं लागतात."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणाले, खाला, जेवते मी भरपूर. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने बिर्याणी भरवली." ती पिस्तुलाच्या पावतीवर सही करत होती. "त्या आजींची पर्स मी कितीतरी वर्षं तपासली आहे, सर. त्यांनी माझा चेहरा काल पहिल्यांदा बघितला."

ती गेली. मी पिस्तूल साफ करून कपाटात ठेवलं.

आता नवीन बॅच आली की कुणीतरी विचारतंच, लपवायला कुठलं चांगलं, फुल-साइज की कॉम्पॅक्ट? मी सांगतो, आधी तुम्हाला मिठी कोण मारतं ते बघून या. स्वतःला जाता येत नसेल तर बायकोला पाठवा, आणि तिचा शनिवार वाया जाणार आहे हे आधीच मान्य करा.